एकाग्रतेच्या गोळ्या: अभ्यासिकेतली पोरं विचारतात, काय सांगू?

नवीपेठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पुण्यात नवी पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे. बसणारे बहुतेक एमपीएससीवाले, थोडे यूपीएससीचे, एखाददुसरा सीएवाला. पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असायच्या: पंखा कुरकुरतो, शेजारचा पाय हलवत बसतो, कोपऱ्यातलं टेबल कधी मिळणार. हल्ली पोरं मोबाईल पुढे करून विचारतात, "काका, हे घेतलं तर चालेल का?" स्क्रीनवर कधी चकचकीत डबी असते, कधी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो. एनर्जी ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या तर इतक्या साठतात की सकाळी झाडायला येणाऱ्या मावशी त्या वेगळ्या काढून भंगारात घालतात. त्यांचा चहा त्यात सुटतो.

मी डॉक्टर नाही. पण नुसतं "घेऊ नको" म्हटलं की पोरगं मान डोलावतं आणि बाहेर जाऊन घ्यायचं ते घेतंच. म्हणून थोडं वाचलं. जे समजलं ते मांडतो, चुकलं असेल तिथे बिनधास्त कान पिळा.

अशा डोकं तल्लख करणाऱ्या औषधांना 'नूट्रॉपिक' हे नाव कॉर्नेलिऊ जुर्जा या रोमानियन शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये पुढे आणलं. त्याआधी, १९६४ मध्ये, बेल्जियमच्या यूसीबी कंपनीत त्याने पिरासेटाम बनवलं होतं. स्मरण आणि शिकणं सुधारावं, मेंदूला इजेपासून संरक्षण मिळावं आणि दुष्परिणाम जवळजवळ नसावेत, अशी त्याची अपेक्षा. आपल्याकडे पिरासेटाम आजही मिळतं, पक्षाघाताच्या रुग्णांच्या चिठ्ठीवर सिटिकोलिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने बऱ्याचदा दिसतं. धडधाकट पंचविशीतल्या पोराला त्याने फायदा होतो असा भरवशाचा पुरावा मला कुठे दिसला नाही.

पोरं मात्र विचारतात ती झोप उडवणाऱ्या मोडाफिनिलबद्दल आणि लक्ष न टिकण्याच्या आजारावरच्या मिथिलफेनिडेटबद्दल. त्यावरचा २०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेला एक प्रयोग मला फार आवडला. १८ ते ३५ वयाचे ४० निरोगी लोक घेतले. कोडं असं: पिशवीला वजनाची मर्यादा आहे, समोर वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू आहेत, जास्तीत जास्त किमतीचा माल पिशवीत बसवा. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, मिथिलफेनिडेट, डेक्सअँफेटामीन आणि औषध नसलेली गोळी दिली. औषध घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ लावला, जास्त उलथापालथ केली, म्हणजे कष्ट वाढले. उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. बिनऔषधाच्या दिवशी जे सरासरीच्या वर होते त्यांतले बरेच औषधाच्या दिवशी सरासरीच्या खाली गेले. आमच्याकडे गोळी घेऊन बसलेल्या एकाने मला सांगितलं होतं, "काका, चार तास मान वर केली नाही." त्या चार तासांत काय डोक्यात शिरलं हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ब्राह्मी, अश्वगंधा, 'फोकस' नावाच्या कॅप्सूल. इथे माझा पुरता गोंधळ आहे. जाणकारांनी लिहावं.

---

औषधवाला_नाशिक

काका, चांगला धागा. काउंटरच्या या बाजूने लिहितो.

मोडाफिनिल हे शेड्यूल एचमधलं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. ते आहे नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी. रात्रपाळीने झोपेचं चक्र बिघडलेल्यांना आणि स्लीप ॲप्निआच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकणाऱ्या काही रुग्णांनाही देतात. ते झोप मागे ढकलतं, हुशारी पुढे आणत नाही. शरीरातून निम्मं जायला साधारण १२ ते १५ तास लागतात. सकाळी नऊला घेतली तर रात्री नऊला निम्म्याच्या आसपास अंगात असतेच. मग झोप येत नाही, मग दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही, मग पुन्हा गोळी.

मुलींनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी, कारण ही पाकीट देणारा मित्र सांगत नाही. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि औषध थांबवल्यावरही महिनाभर तो धोका राहतो. दुसरं, अंगावर पुरळ आलं तर गोळी तिथेच बंद आणि थेट डॉक्टर. क्वचित होतं, पण होतं तेव्हा त्वचा सोलवटण्यापर्यंत जातं. अशा कारणांमुळेच २०१० मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने मोडाफिनिल फक्त नार्कोलेप्सीपुरतं ठेवा अशी शिफारस केली.

मिथिलफेनिडेट तर शेड्यूल एक्स. वेष्टनावर लाल अक्षरांत एक्सआरएक्स असतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवायची, माल कुलपात, नोंद वेगळ्या वहीत. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही ते आहे. "सर, मित्राचं उरलंय, त्याच्याकडून घेतो" म्हणणाऱ्यांना कळत नाही की देणारा मित्रही अडकतो.

---

तर्री_नागपूर

अमृततुल्य चहा हेच खरं नूट्रॉपिक, बाकी सब झूठ. हलके घ्या.

---

उगाच_शंका

धागा छान, पण सूर थोडा एकतर्फी वाटला. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मोडाफिनिलवरचे १९९० ते २०१४ मधले अभ्यास एकत्र तपासले होते. झोप पुरेशी झालेल्या निरोगी लोकांवरचे २४ अभ्यास. नियोजन, निर्णय घेणं अशा गुंतागुंतीच्या चाचण्यांत फायदा दिसला होता. म्हणजे "काहीच होत नाही" हेही खरं नाही. पोरं इंटरनेटवर हे वाचतात आणि मग तुमचं बाकीचं सगळंच खोटं समजतात.

---

नवीपेठी

@उगाच_शंका, रास्त मुद्दा. पण त्यातले बहुतेक प्रयोग एका डोसचे, प्रयोगशाळेतल्या तास-दोन तासांच्या चाचण्यांचे ना? आमची पोरं वर्षं-दीड वर्षं बसतात. शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आता उत्तर सुचायलाही हवं आणि तीन तास हाताने लिहायलाही हवं.

---

उगाच_शंका

बरोबर, एकाच डोसचे जास्त. सहा महिने रोज घेतलं तर काय, याचं उत्तर त्यात नाही. एवढं मान्य.

---

रानभाजी

ब्राह्मीबद्दल मी लिहिते. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय.

बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. एक बकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी: पाण्याच्या कडेला पसरते, पानं बारीक, मांसल, फुलं पांढरट जांभळी. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी: पान गोलसर, देठाशी खाच, कडा दातेरी. आपल्याकडे रोपवाटिकेत "ब्राह्मी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा ही दुसरी हातात पडते, कुंडीत मस्त पसरते, आपण पानं चटणीत घालतो. दोन्ही चांगल्या, पण स्मरणशक्तीवरचे जे प्रयोग लोक पुढे करतात ते मुख्यतः बकोपावरचे आहेत. तेव्हा डबीच्या मागे शास्त्रीय नाव छापलंय का ते पाहा. नुसतं 'ब्राह्मी अर्क' असेल तर आत काय आहे देव जाणे.

लखनौच्या सीडीआरआय या सरकारी संस्थेने बकोपाचा प्रमाणित अर्क तयार केला. ऑस्ट्रेलियातल्या २००१ च्या एका चाचणीत निरोगी लोकांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे दिला, तेव्हा शिकण्याच्या काही चाचण्यांत फरक दिसला. नीट वाचा: १२ आठवडे, आणि प्रमाणित अर्क. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चूर्ण फाकून काहीही होणार नाही. झालंच तर पोट बिघडेल, मळमळ आणि जुलाब हे बकोपाचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत.

---

आज्जीचा_बटवा

आमच्या पिढीने ब्राह्मीचं तेल डोक्याला चोळलं, भिजवलेले बदाम खाल्ले, बाळगुटीत वेखंडाचे वेढे घेतले आणि बोर्डात आलो. तेव्हा कुठे होते हे शास्त्रीय नावांचे डबे? चरकाने मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी रसायनं सांगितली ती काय उगाच?

---

रानभाजी

आज्जी, उगाच नाही सांगितली. पण चरकसंहितेतल्या त्या श्लोकात चारच आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. ब्राह्मी त्या चारांत नाहीच. आणि शंखपुष्पी म्हणून तरी कुठे एकच वनस्पती विकतात, तिथेही तीच रड आहे.

वेखंडाचं मात्र जपून. त्यात बीटा-ॲसारोन नावाचं द्रव्य असतं, भारतीय वेखंडात भरपूर. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग झालेला दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. बाळाला तर वैद्यांना विचारल्याशिवाय देऊच नये.

बदामांशी माझं काही भांडण नाही.

---

न्यूजर्सीकर

इथून थोडं. पुण्याचे भाचे-पुतणे मला मेसेज करतात, "मामा, येताना ती अमेरिकन डबी आणा, तिकडचं शुद्ध असतं." शुद्ध वगैरे काही नाही हो. इथे १९९४ च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट विकण्याआधी ते परिणामकारक आहे हे सरकारला दाखवावं लागत नाही. हार्वर्डशी संलग्न डॉ. पीटर कोहेन यांच्या गटाने बुद्धी तल्लख करणाऱ्या दहा सप्लिमेंटांची तपासणी केली, त्यांत अमेरिकेत मान्यता नसलेली पाच औषधं सापडली. लुमोसिटी हे मेंदूच्या खेळांचं ॲप आठवतंय? भ्रामक दाव्यांच्या प्रकरणात त्यांनी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून तडजोड केली.

गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचंही लिहून टाकतो, कारण इथले म्हातारे तेच घेतात. ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३,०६९ लोकांना काही वर्षं दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा औषध नसलेली गोळी दिली. निकाल २००८ मध्ये आला: स्मृतिभ्रंश रोखण्यात काहीच फरक नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती, ती वेगळीच.

आणि भाच्यांनो, ॲडरॉलचं नावही काढू नका. त्यात अँफेटामीन असतं, भारतात ते एनडीपीएसखाली येतं. मामा विमानतळावर अडकेल आणि मामी मला सोडवायला येणार नाही.

---

औषधवाला_नाशिक

भारतातल्या डब्यांबद्दल. त्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक एवढंच सांगतो की बनवणाऱ्याकडे अन्नपदार्थाचा परवाना आहे. आतल्या मालाने डोकं चालतं याचा तो दाखला नव्हे.

जाता जाता, औषधांच्या १९४५ च्या नियमांत परिशिष्ट 'जे' नावाची यादी आहे. ज्या गोष्टी बऱ्या करतो असा दावा औषधाने करायचाच नाही, त्यांची यादी. कर्करोग, टक्कल, गोरेपणा, उंची वाढवणं यांच्याबरोबरच 'मेंदूची क्षमता वाढवणं आणि स्मरणशक्ती सुधारणं' हेही त्यात आहे. आता डब्यावरची भाषा पुन्हा वाचा. 'सपोर्ट्स फोकस', 'ब्रेन वेलनेस'. सगळं कुंपणावरून चालतं.

---

टेकडीवरची

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी मिथिलफेनिडेट घेते. मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आजार आहे, निदान तिशी उलटल्यावर झालं. सगळे प्रतिसाद चांगल्या हेतूने लिहिलेत हे कळतं, पण 'अभ्यासाच्या गोळ्या' म्हणून माझं औषध असं रांगेत उभं केलेलं पाहिलं की त्रास होतो. औषध दुकानात दर महिन्याला माझ्याकडे चोरासारखं बघतात. एकदा तर चिठ्ठी हातात असताना "कशाला लागतं तुम्हाला?" असं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. कधी माल नसतो, मग शहरभर फिरा.

निदान असं पाच मिनिटांत झालं नाही. मनोविकारतज्ज्ञांनी लहानपणापासूनचं विचारलं, कारण लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. आईने माळ्यावरून प्रगतिपुस्तकं काढली. तिसरीच्या बाईंचा शेरा होता: 'हुशार आहे, पण लक्ष वर्गाबाहेर.' चौथीत: 'वह्या हरवते.' सहावीत पुन्हा: 'वह्या हरवते.' डॉक्टरांनी ती तिन्ही पानं पुढेमागे करून नीट वाचली. मग थायरॉईड बघितलं, झोपेची चौकशी केली, नैराश्य आहे का ते पाहिलं, आणि नंतर औषध. सुरुवात अगदी कमी डोसने. आजही दर भेटीत बीपी, नाडी आणि वजन बघतात.

औषधाने मी हुशार झाले नाही. उघडलेलं पाकीट बंद करायला आठवतं, वाक्य अर्ध्यावर सुटत नाही, गॅस चालू राहत नाही. ज्याला हा आजार नाही तो ते घेतो तेव्हा काय होतं ते काकांनी दिलेल्या प्रयोगात आहेच. माझं म्हणणं एवढंच, की पोरांना 'घेऊ नका' सांगताना 'तुम्हाला खरंच गरज असेल तर तपासून घ्या' हेही सांगा. नाहीतर माझ्यासारखी एखादी आणखी दहा वर्षं स्वतःला आळशी म्हणत बसेल.

---

नवीपेठी

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगेन. आमच्याकडे एक मुलगा आहे, दर तासाला टेबल बदलतो. मी त्याच्यावर खेकसत आलोय, आता जरा बसवून बोलेन.

---

औषधवाला_नाशिक

ताई, आमच्या व्यवसायाच्या वतीने वाईट वाटलं. वही आणि कुलूप कायद्याने लागतं, पण मोठ्याने विचारायला कायदा सांगत नाही. एक करून बघा: एकच दुकान धरा, संपायच्या आठ दिवस आधी चिठ्ठी दाखवून ठेवा. हा माल कमी दुकानं ठेवतात, मागवायला वेळ लागतो.

---

ओपीडी_नंतर

जनरल प्रॅक्टिस करतो, तालुक्याच्या गावी. 'लक्ष लागत नाही' म्हणून येणाऱ्या तरुण मुलामुलींत मी काय शोधतो ते सांगतो.

मुलगी असेल तर आधी हिमोग्लोबिन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. मेसच्या पातळ वरणावर आणि वडापाववर जगणारी मुलगी दुपारी पुस्तकावर पेंगते, त्याला 'फोकस'ची कॅप्सूल काय करणार? शाकाहारी असेल तर बी१२. पायाला मुंग्या, तोंड येणं, विसरभोळेपणा, हे सगळं त्यात येतं. थायरॉईड. रात्री घोरतो का. आणि मग एक प्रश्न, जो विचारायला मला स्वतःला वेळ काढावा लागतो: "मन लागतं का कशात?" चौथ्यांदा पूर्वपरीक्षा हुकलेला, घरी पैसे मागायची लाज वाटणारा मुलगा एकाग्रतेची तक्रार घेऊन येतो, कारण उदास आहे हे सांगण्यापेक्षा ते सोपं असतं.

अश्वगंधेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताण आणि झोप यांवर काही छोट्या चाचण्यांत फायदा दिसलाय, त्यामुळे घेणाऱ्याला बरं वाटणं शक्य आहे. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांत आहेत, थायरॉईडची पातळी वाढू शकते, गरोदरपणी टाळायचीच. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी योग्य की अति, यावर वाद आहे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर मात्र वाद न घालता बंद करा आणि या.

भस्मं घातलेली औषधं इंटरनेटवरून मागवू नका. अमेरिकेत २००८ मध्ये छापून आलेल्या तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

---

खडकवासला_सायकलवाला

मी अश्वगंधा घेतो आणि मला फरक पडलाय. झोप छान लागते. डेन्मार्कला काय करायचंय करू दे.

---

उगाच_शंका

दादा, फरक पडला असेलही. सायकलही त्याच सुमारास चालू केली असेल तर श्रेय कोणाला द्यायचं?

ज्यांना काही करून बघायचंच आहे त्यांनी निदान असं करावं. आधी दोन आठवडे काहीही न घेता रोज ठरलेल्या वेळी सीसॅटचे, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या आकलनाच्या पेपरचे दोन उतारे घड्याळ लावून सोडवा, गुण आणि झोपेचे तास वहीत लिहा. नंतर एकच गोष्ट बदला, पाच नाही. पुन्हा तेच लिहा. 'आज मस्त वाटलं' हे लिहू नका, गुण लिहा. माझा अंदाज आहे की झोपेचे आकडे आणि गुण शेजारी शेजारी दिसले की निम्मे लोक डबी विकत घेणारच नाहीत.

---

झोपाळू_सोलापूरकर

+१ झोपेला. २००३ चा अमेरिकेतला प्रयोग आहे, ४८ जण. काहींना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं, काहींना चारच. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी घसरत गेली ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं! "मला सहा तास पुरतात" म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारून उपयोग नाही.

---

तर्री_नागपूर

बरं, आता गंभीरपणे विचारतो. चहाचं काय? तो तरी राहू द्या.

---

ओपीडी_नंतर

राहू द्या की. कॅफीन हे या सगळ्यांत सर्वात जास्त तपासलेलं. दिवसभर मेंदूत ॲडिनोसीन साठतं, त्याने झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, निरोप पोचत नाही एवढंच. चहात एल-थियानिनही असतं, त्याच्याबरोबर कॅफीन घेतल्यावर लक्ष थोडं सुधारतं असं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय. तिथे थियानिन साधारण १०० मिलिग्रॅम किंवा जास्त होतं, कटिंगमध्ये तेवढं नसतं.

निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, गरोदर बाईला २००. कपभर चहात साधारण ३० ते ५०. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्या नियमाप्रमाणे लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ पर्यंत. दिवसाला ५०० मिलीच्या वर नको असं बाटलीवरच छापलेलं असतं, पण ते वाचायला भिंग लागतं. साखर वेगळी.

खरा घोळ वेळेचा. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावरही झोप तासाभराहून जास्त घटली. रात्री अकराला झोपायचं तर संध्याकाळी पाचनंतरची बाटली नको. आणि सहा-सात कप पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, डोकं धरतं. रोज एक कप कमी करत जावं.

---

नवीपेठी

सगळ्यांचे आभार. फलक लावणार नाही, पोरं फलक वाचत नाहीत. पण तीन गोष्टी करतोय. रात्री बारापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका साडेदहाला बंद. ओळखीच्या लॅबवाल्याशी बोललोय, हिमोग्लोबिन आणि बी१२ सवलतीत करून देतो म्हणाला. आणि शनिवारी दुपारी पुस्तकं मिटून एकमेकांना प्रश्न विचारायचे, उत्तर कोऱ्या कागदावर लिहायचं. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलं तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये दाखवलंय. याला खर्च काही नाही.

बाराचे साडेदहा केल्यावरून आजच दोन जण फी परत मागून गेले. बघू.

---

वाचनमात्र_होतो

पहिल्यांदाच लिहितोय. @टेकडीवरची, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी सदाशिव पेठेतच राहतो. वह्या हरवणं, टेबल बदलणं, सगळं तेच. पण घरी मनोविकारतज्ज्ञ म्हटलं तर वडील गाडी पकडून न्यायला येतील. आणि प्रगतिपुस्तकं गावी, पुरात गेली. कुठून सुरुवात करू?

---

टेकडीवरची

भाऊ, आधी १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ते निदान फोनवर करणार नाहीत, पण जवळ सरकारी रुग्णालयात कुठे जायचं ते सांगतील. प्रगतिपुस्तक नसलं तरी चालतं. लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं एखादं माणूस फोनवर बोललं तरी डॉक्टरांना कळतं. मोठी बहीण, आत्या, शाळेतला मित्र, कोणीही. वडिलांना लगेच सांगायलाच हवं असं नाही, तुम्ही सज्ञान आहात.

जायच्या आधी आठवडाभराचं झोपायचं-उठायचं आणि चहा-एनर्जी ड्रिंकचं कागदावर लिहून ठेवा, पहिल्याच भेटीत विचारतात. मित्राची एखादी गोळी घेऊन पाहिली असेल तर तेही सांगा, ओरडत नाहीत. आणि गोळीने बरं वाटलं म्हणजे आजार आहेच असं समजू नका, त्यावरून निदान होत नाही.

भेटीची तारीख मिळाली की इथे कळवा.